कागदी अॅल्युमिनिअम तार: रीळ घेण्यापासून डीपीच्या टाकीत बसेपर्यंत

रब्बीचं पाणी सुरू झालं की आमच्या जळगावच्या वर्कशॉपचा फोन उजाडायच्या आत वाजतो. "भाऊ, डीपी जयी गयी," म्हणजे जळून गेली. पलीकडचा माणूस यावलचा असतो, रावेरचा असतो, कधी चोपड्याकडचा. सरकारी कागदावर ते रोहित्र, गावात ती डीपी. केळी उभी असते, मोटारी बंद असतात, आणि सगळ्यांना एकच प्रश्न असतो: कधी मिळंल?

या घाईतच सगळं बिघडतं. तार किलोवर विकत घेतली जाते, पण डीपीत ती मिलिमीटरवर चालते. शिवाय चालते ती तारेच्या जोरावर कमी आणि तिच्यावरच्या कागदाच्या जोरावर जास्त. तेलात बुडालेलं अॅल्युमिनिअम वीस वर्षांनीही जवळपास तसंच निघतं. म्हातारा होतो तो कागद. साध्या क्राफ्ट कागदाचा हिशोब असा, की सर्वांत गरम जागा ९८ अंशांच्या पुढे गेली की दर ६ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. डीपीच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ११८० प्रमाणे, वाइंडिंगचं म्हणजे गुंडाळलेल्या तारेचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा सरासरी ४० अंशांनी वाढलं तर चालतं. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे पूर्ण लोडवर वाइंडिंग सरासरी ८५ अंशांवर, आतली सर्वांत गरम जागा त्याहून वर. आपल्याकडे कागदाला मोकळीक फारशी उरत नाही. म्हणून हा लेख तारेचा असला तरी निम्मा कागदावर आहे.

सगळीकडे उदाहरण एकच घेतलंय: ११ केव्ही / ४३३ व्होल्टची, १०० केव्हीएची, एचटी डेल्टा आणि एलटी स्टार अशी डीपी. एचटी म्हणजे जास्त दाबाची ११ केव्हीची बाजू, एलटी म्हणजे कमी दाबाची ४३३ व्होल्टची; डेल्टा आणि स्टार या तीन फेज जोडायच्या दोन पद्धती. हे काम वर्कशॉपमधलं आहे. खांबावरच्या डीपीचं झाकण उघडून कुणी हे करायला जाऊ नये.

आधी जुनी कॉइल वाचायची

जळालेली कॉइल कापून भंगारात टाकायची घाई करू नका. तिच्यात सगळी माहिती असते. एका फेजची एलटी आणि एक एचटी कॉइल सावकाश उलगडा आणि वेढे मोजा. एचटीचा फेज डेल्टात असल्यामुळे त्याला पूर्ण ११,००० व्होल्ट, एलटीचा फेज स्टारमध्ये असल्यामुळे २५०. प्रमाण ४४. एलटीला ६० वेढे निघाले तर एचटीला मधल्या टॅपवर (वेढे कमी-जास्त करायच्या फाट्यांपैकी मधल्यावर) ६० गुणिले ४४ म्हणजे २,६४० निघायला हवेत. आकडा जुळला नाही तर तुमची मोजणी चुकली किंवा आधीच्या कारागिराने काहीतरी केलंय. दुसरं कारण तुम्हाला वाटतं त्याहून जास्त वेळा निघतं.

आता करंट. १०० केव्हीएला एलटीचा करंट १३३ अँपिअर. एचटीला लाइनवर ५.२५ आणि डेल्टाच्या आत, फेजमध्ये, ३.०३ अँपिअर. अॅल्युमिनिअमवर दर चौरस मिलिमीटरला दीड अँपिअरच्या आसपास धरलं तर एचटीला २ चौ.मिमी, म्हणजे १.६ मिमीची गोल तार येते. एलटीला ८९ चौ.मिमी लागतं. एवढी जाड एकच पट्टी वळत नाही, म्हणून १० × ४.५ मिमीच्या दोन पट्ट्या जोडीने चालवतात. पट्टीचे कोपरे गोल असतात, त्यात थोडं क्षेत्रफळ जातं. कोपऱ्याची त्रिज्या ०.८ मिमी असेल तर एका पट्टीमागे साधारण अर्धा चौ.मिमी. ४५ चे ४४.४५ राहतात, दोन्ही मिळून ८८.९. बसलं.

हे गणित जुन्या मापाशी ताडून पाहायचं, त्याच्या जागी ठेवायचं नाही. जुनी तार १.७ निघाली तर १.७ च घ्या. ज्याने डिझाइन केलं त्याने लॉसचाही, म्हणजे वाया जाणाऱ्या विजेचाही, विचार केलेला असतो.

काही जण विचारतात, जुनी तांब्याची होती, अॅल्युमिनिअम भरून देऊ का? तितकीच वीज वाहायला अॅल्युमिनिअमचं क्षेत्रफळ तांब्याच्या १६२ टक्के लागतं, म्हणजे जाडी सव्वापटीहून थोडी जास्त. कोअरच्या, म्हणजे लोखंडी गाभ्याच्या, खिडकीत ते मावत नाही. आणि मावावं म्हणून कोणी तार बारीक घेतली, तर ती डीपी पुढच्या उन्हाळ्यात परत दारात येते.

ऑर्डर लिहिताना

"१.६ ची डीपीसी, ४० किलो" एवढं लिहून ऑर्डर दिली तर येईल ते घ्यावं लागतं. डीपीसी म्हणजे दुहेरी कागद गुंडाळलेली तार. या तारेला वेगळं मानक आहे: आयएस ६१६२, त्याचा भाग १ गोल तारेचा आणि भाग २ पट्टीचा. ऑर्डरवर तो आकडा लिहा आणि त्याखाली नागड्या तारेचं माप, कागदासकटचं माप, कागदाचे थर किती, तार पूर्ण नरम केलेली हवी, आणि एका रिळात सांधा चालणार नाही, हे सगळं लिहा. पट्टीसाठी कोपऱ्याची त्रिज्याही.

कागदासकटचं माप का लिहायचं? कारण कागदही अॅल्युमिनिअमच्याच भावाने वजनात जातो. हिशोब करून बघा. १.६ मिमीची नागडी तार एक किलोमीटरला ५.४३ किलो भरते. तिच्यावर कागदाने जाडी १.९ पर्यंत नेली आणि कागदाची घनता ०.८ धरली, तर कागद होतो साधारण ६६० ग्रॅम. एकूण वजनाच्या अकरा टक्क्यांच्या आसपास कागद. तीच तार २.१ पर्यंत फुगवून दिली तर कागदाचा वाटा साडेसतरा टक्क्यांवर जातो, शिवाय कॉइल खिडकीत बसत नाही ते वेगळंच. उलट १.७५ वर आणलेली तार स्वस्त पडते आणि कागद पातळ असतो.

किती मागवायची? एका वेढ्याची सरासरी लांबी तुमच्या जुन्या कॉइलवरून काढा. समजा पाऊण मीटर आली. २,६४० वेढ्यांना १,९८० मीटर, तीन फेजला ५,९४० मीटर. ६.०९ किलो दर किलोमीटर धरून ३६ किलो. टॅपचे जादा वेढे आणि तुटफूट धरून ३९-४० मागवा.

रीळ आलं की

पावती फाडण्याआधी अर्धा तास काढा. मी स्वतः तो एकदा काढला नाही. १.६ म्हणून आलेली तार १.५५ निघाली, तेव्हा तीन कॉइली भरून झाल्या होत्या. पाच शतांश मिलिमीटर काय मोठं, असं वाटतं ना? क्षेत्रफळ २.०१ वरून १.८९ वर येतं आणि रेझिस्टन्स साडेसहा टक्क्यांनी वाढतो. तेवढाच लॉस वाढला, तेवढीच उष्णता वाढली, आणि ती सगळी कागदाने सोसायची.

माझी पहिली तपासणी सोनाराच्या काट्यावर होते. जळगावात तो काटा मिळायला अडचण नाही. तार बरोबर १० मीटर मोजून कापा. कागदासकट वजन करा, मग कागद हाताने उलगडून परत वजन करा. १.६ ची नागडी तार १० मीटरला ५४ ग्रॅमच्या वर भरली पाहिजे. ५१ भरली तर ती १.५५ आहे, रिळावरचं लेबल काहीही म्हणो. दोन वजनांतला फरक म्हणजे कागद: आपल्या तारेला साडेसहा ग्रॅमच्या आगेमागे. एका काट्यावर दोन गोष्टी कळतात, म्हणून मला ही तपासणी आवडते.

त्याच तुकड्यावर मायक्रोमीटर लावा. व्हर्निअर इथे पुरत नाही. तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं. कागद चाकूने खरवडू नका आणि जाळूही नका, हातानेच सोडवा. कागदासकटचं माप मात्र मायक्रोमीटरने फसवं येतं, कारण कागद दाबला जातो. त्यासाठी गुळगुळीत गजावर दहा वेढे एकमेकांना चिकटवून घ्या, व्हर्निअरने दहांची रुंदी मोजा आणि दहाने भागा. कॉइलवरही तार तशीच बसणार आहे, तेव्हा हेच माप उपयोगाचं.

कागद सोडवतानाच थर मोजा. पट्टी पट्टीवर किती चढलीय ते बघा. मग एक तुकडा तारेच्या जाडीच्या दहापट जाडीच्या गजावर वळवून भिंगातून पाहा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कागद फाकून धातू चमकला तर ते रीळ परत. सरळ तारेवर सगळेच कागद चांगले दिसतात.

दहा मीटरचा रेझिस्टन्सही घ्या, साध्या मल्टिमीटरवर नाही, लहान ओहम मोजणाऱ्या ब्रिजवर. अॅल्युमिनिअमची रोधकता २० अंशांना ०.०२८ धरली तर १.६ च्या तारेला किलोमीटरला १३.९ ओहम, म्हणजे दहा मीटरला ०.१३९. वजन बरोबर असून रेझिस्टन्स जास्त आला तर धातूत भेसळ आहे किंवा तार नरम केलेली नाही. नरमपणा बोटालाही कळतो: बोटाभोवती वळवून सोडली की ती तशीच राहायला हवी. स्प्रिंगसारखी उलगडली तर मशीनवर त्रास देणार.

पट्टीला एक जादा तपासणी. कागद काढलेल्या पट्टीवरून कापसाचा बोळा कोपऱ्याच्या बाजूने ओढा. खानदेशात कापसाची काय कमी! धागे अडकले तर तिथे बारीक काटा आहे. तोच काटा उद्या दाबाखाली कागद टोचून शेजारच्या वेढ्याला भिडेल.

तपासलेल्या तुकड्यावर रिळाचा नंबर आणि तारीख लिहून तो पाकिटात ठेवा. पुरवठादाराशी वाद झाला तर बोलायला तोच लागतो.

रिळं जमिनीवर नाही, फळीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. मोकळ्या हवेत कागद आपल्या वजनाच्या सहा-आठ टक्के पाणी सहज धरतो, आषाढ-श्रावणात आणखी. उलट वैशाखात आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की कागद कडक होऊन वळणावर तडकतो. म्हणून मे महिन्यात पट्टीचं काम मी सकाळी उरकतो.

मशीनवर

अॅल्युमिनिअम नरम आहे, म्हणून ताण बेताचा. फेल्टमधून तार सरकवा, हाताने आवळू नका. जास्त ओढलेली तार लांबते आणि बारीक होते, आणि मग काट्यावर केलेली सगळी तपासणी वाया. घामाचे हात कागदाला लागू देऊ नका. सुती हातमोजे घाला, उन्हाळ्यात तर नक्कीच.

एचटी कॉइलमध्ये थराथरांत कागद का घालायचा, ते पोरांना आकड्यातून सांगा म्हणजे पटतं. आपल्या उदाहरणात एका वेढ्याला ४.१७ व्होल्ट येतात. शेजारच्या दोन वेढ्यांत एवढंच, तारेवरचा कागद ते हसत पेलतो. पण एका थरात १०० वेढे असतील, तर थर जिथून सुरू झाला तिथे त्याच्या वरच्या थराचा शेवट येतो, आणि त्या दोन टोकांत ८३० व्होल्टच्या वर फरक पडतो. थरामधला कागद कडेला थोडा जास्त सोडायचा तो याच कारणाने. कडेचा वेढा खाली घसरला की कॉइल तिथेच संपली.

पहिल्या आणि शेवटच्या काही वेढ्यांना जादा कागद गुंडाळा. सातपुड्याच्या पायथ्याशी मोसमाच्या आधीची वीज कशी पडते ते सांगायला नको. लाइनवरून आलेला धक्का कॉइलमध्ये सारखा वाटला जात नाही, पहिले वेढेच त्याचा बराचसा भाग अंगावर घेतात. जळून आलेल्या कॉइलीचं टोक किती वेळा काळं असतं ते बघा.

एलटीच्या दोन पट्ट्या एकीवर एक बसवल्या असतील तर मध्यावर त्यांची जागा बदला. आतली बाहेर, बाहेरची आत. नाहीतर आतली लांबीला कमी पडते आणि करंट सारखा वाटला जात नाही. शेजारी शेजारी असतील तर ही भानगड नाही. पट्टी जिथे आडवी वाकते, लीड बाहेर काढताना विशेषतः, तिथे कागद फाटतोच. तिथे क्रेप कागदाची पट्टी अर्धी अर्धी चढवत गुंडाळा आणि सुती फितीने बांधा. वायरमनच्या खिशातली पीव्हीसी टेप अजिबात नको. तिचा गोंद गरम तेलात सुटतो.

सांधा

कॉइलच्या पोटात सांधा नको. घ्यावाच लागला तर वरच्या थरावर घ्या, जिथे जादा कागदाला जागा आहे. अॅल्युमिनिअमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तो वीज वाहू देत नाही. तांब्यासारखं पीळ देऊन डाग लावला की झालं, असं इथे होत नाही. बारीक तारेला दाबून थंड जोड देणारं हाताचं यंत्र सर्वांत चांगलं: दोन टोकं एकमेकांत दाबली जातात, पापुद्रा बाहेर ढकलला जातो आणि धातू धातूला मिळतो.

गॅसवर करायचं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. अॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी तांब्या-लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. आता आहे, क्षणात थेंब झाला. नवा पोरगा भंगारातल्या तुकड्यावर शिकू द्या. सांधा झाल्यावर फ्लक्स गरम पाण्याच्या फडक्याने पुसून काढा, कण राहिला तर तो धातू खात बसतो.

बुशिंगकडचा (तार टाकीबाहेर काढणाऱ्या चिनी मातीच्या नळीकडचा) रॉड तांब्याचा किंवा पितळेचा असतो. तिथे अॅल्युमिनिअम थेट आवळू नका, दोन्ही धातूंसाठी केलेला लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसणारी टोपी, घेऊन दाबून क्रिंप करा.

भट्टी

इथे घाई सर्वांत जास्त होते, कारण बाहेरून बघणाऱ्याला भट्टीत काही होतंय असं दिसत नाही. शेतकरी दारात बसलेला असतो. त्याला चहा द्या, भट्टी उघडू नका.

कोअर आणि कॉइली जोडून झाल्यावर सगळं ९५ ते १०५ अंशांत ठेवा. त्याच्या वर नेऊन वेळ वाचवू नका, तुम्ही कागदच भाजताय. दर दोन-तीन तासांनी २,५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या यंत्रावर) एचटी ते बॉडी, एलटी ते बॉडी, एचटी ते एलटी अशी तीन रीडिंग घ्या आणि प्रत्येकापुढे तापमान लिहा. सुरुवातीला आकडा खाली जातो. घाबरू नका, कॉइल गरम होतेय आणि आतलं पाणी बाहेर निघतंय. मग आकडा चढायला लागतो. चढून एकाच ठिकाणी थांबला, आणि त्याच तापमानाला तीन-चार रीडिंग सारखी आली, की वाळलं. नुसत्या गरम हवेच्या भट्टीत याला एक दिवस-रात्र किंवा जास्त लागतं. व्हॅक्यूम असेल तर कमी.

तापमान लिहायला का सांगतोय ते ऐका. एका वर्षी पोळ्याच्या आधी माझ्याकडे रात्री वीज गेली आणि भट्टी पहाटेपर्यंत थंड पडली. सकाळी मेगर लावला, आकडा भरघोस. मी वाळलं समजून टाकीत उतरवलं. पण कॉइल थंड झाली की मेगरचा आकडा आपोआप चढतो, त्याचा वाळण्याशी संबंध नसतो. डीपी महिनाभरात परत आली, एचटीच्या एका कॉइलमध्ये थर शॉर्ट. दुसऱ्यांदा तार, मजुरी, भाडं, सगळं माझ्या खिशातून. तेव्हापासून वहीत मेगरच्या रकान्याशेजारी तापमानाचा रकाना आहे.

भट्टीतून काढल्यावर एक काम पुष्कळ जण विसरतात: बोल्ट पुन्हा आवळणे. वाळल्यावर कागद आणि प्रेसबोर्ड आक्रसतात, कॉइली सैल पडतात. सैल कॉइल बाहेरच्या पहिल्या शॉर्ट सर्किटला हलते आणि कागद घासला जातो. गरम असतानाच आवळा, पाचरी तपासा आणि लगेच टाकीत उतरवा. पावसाळ्यात रात्रभर उघडं ठेवलं तर भट्टीची मेहनत हवेत गेली.

तेल फिल्टर केलेलंच घाला. २.५ मिमीच्या फटीत ६० किलोव्होल्टच्या वर टिकायला हवं. भरल्यावर काही तास शांत ठेवा, बुशिंगवरून हवा काढा.

तपासणी आणि चार्जिंग

रेशो, म्हणजे एचटी-एलटीचं प्रमाण, प्रत्येक टॅपवर घ्या. मग रेझिस्टन्स. आपल्या उदाहरणात एचटीच्या एका फेजला १,९८० मीटर तार, म्हणजे २० अंशांना २७.६ ओहम. डेल्टा जोडल्यावर दोन टर्मिनलांत त्याच्या दोन तृतीयांश, १८.४ दिसतात. उन्हाळ्यात वर्कशॉपमध्ये ४० अंश असतील तर १८.४ ला २६५ ने (२२५ अधिक ४०) गुणा आणि २४५ ने (२२५ अधिक २०) भागा, १९.९ येतात. हा २२५ चा हिशोब अॅल्युमिनिअमचा. तांब्याचा २३५ चा आकडा इथे चालत नाही. तिन्ही जोड्यांत एक वेगळी निघाली तर सांधा किंवा लग बघा.

नव्या डीपीला एचटीवर २८ किलोव्होल्ट आणि एलटीवर ३ किलोव्होल्ट एक मिनिट देतात. मग एलटीवर दुप्पट व्होल्टेज, ८६६, दुप्पट फ्रिक्वेन्सीला. थराथरांतला कागद खरा तपासला जातो तो या दुसऱ्या टेस्टमध्ये. दुरुस्त केलेल्या डीपीला हे आकडे कमी ठेवतात, ते ज्याचं काम आहे त्याच्याशी आधी लेखी ठरवून घ्या. नो-लोड, लोड लॉस आणि इंपिडन्स पाटीवरच्या आकड्यांशी ताडा.

खांबावर चढवल्यावर पहिले काही तास लोड न टाकता चालू ठेवा. आवाज ऐका, गळती बघा, ब्रीदरमधली (टाकीत जाणारी हवा वाळवणाऱ्या डबीतली) सिलिका निळी आहे ना ते पाहा. मग मोटारी एकदम नाही, एकेक करून. गावातल्या एका जबाबदार माणसाला सांगून ठेवा की सिलिका गुलाबी झाली की फोन कर. तो करतोही, फक्त बऱ्याचदा पहाटे.